म्हणे, ‘पोरांना कसला आलाय संधिवात!’

कृष्णाकाठ
परवा इथेच एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, ‘एमबीबीएसला बालसंधिवात शिकवा ही मागणी म्हणजे शहरी चोचले. गुडघा दुखतो म्हणणारी पोरं संध्याकाळी उड्या मारत असतात.’ तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. लेक चार वर्षांची होती. सकाळी तासभर लंगडायची, दुपारी पळायची, आणि दवाखाना उघडायचा दुपारी! पहिल्याने ‘वाढीचं दुखणं’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने एएसओ (घशाच्या जंतूंचा संसर्ग होऊन गेला का, ते सांगणारी रक्ततपासणी) तपासला, जास्त आला, झालं! म्हणे संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. दर २१ दिवसांनी पेनिसिलिन. सात महिने पोरगी कंपाउंडर दिसला तरी किंचाळायची आणि गुडघा तसाच टम्म. वाढीचं दुखणं रात्रीचं, दोन्ही पायांत, सकाळी पोर टुणटुणीत, हे मला आईला पाठ आहे. बालसंधिवाताचं निदान झाल्यावर स्लिट लॅम्पवर, डोळ्याच्या आत बघायच्या यंत्रावर, डोळे पाहिले, तर आत सूज. डोळा ना लाल, ना दुखणारा. एका डोळ्याची नजर थोडी गेली ती गेलीच. चोचले!

तालुका_ओपीडी
चोचले लिहिणारा मीच. मुलीचं वाईट वाटलं, खरंच. पण पेनिसिलिनला शिव्या देऊ नका. आम्ही शिकलो तेच, हा संधिवाताचा ताप सांध्यांना चाटतो आणि काळजाला डसतो. झडपा गेलेली पोरं मी पाहिलीत, तुम्ही नाही. या तापाचं निदान ज्यावर करतात त्या २०१५च्या जोन्स निकषांत आपल्यासारख्या भागात एका सांध्याची सूजसुद्धा धरतात.

निवासी_वॉर्ड७
सर, धरतात, पण एकटीवर निदान करत नाहीत. एकटा एएसओ म्हणजे पोराला मागे कधी तरी जंतूंचा संसर्ग झाला होता, एवढंच. आणि तो ताप सांधे बदलत फिरतो, अ‍ॅस्पिरिनला झटकन उतरतो. सात महिने एकाच गुडघ्यात मुक्काम ठोकत नाही. सहा आठवड्यांवर सूज राहिली की वेगळा विचार करायचा.

तालुका_ओपीडी
वॉर्डात बसून निकष सांगणं सोपं आहे, बाळा. इंजेक्शन बंद केलं आणि झडप गेली तर आईबाप माझी काच फोडणार, तुझी नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे काच वाचवायला पोरीच्या ढुंगणावर सुया? बरं झालं, कळलं एकदाचं.

आबा_वाईकर
आमच्या वेळी निर्गुडीचा पाला बांधायचे. दोन दिवसांत पोर शाळेत.

निवासी_वॉर्ड७
आबा, निर्गुडी राहू द्या, माझी भीती वेगळीच आहे. सांधेदुखी म्हणून आलेलं पोर कधी कधी रक्ताच्या कर्करोगाचं निघतं. न तपासता स्टेरॉइड दिलं की तो काही दिवस झाकला जातो. आमच्याकडे असं एक आलं होतं. जास्त लिहीत नाही.

परीक्षार्थी_पुन्हा
प्रशिक्षण म्हणे! इंटर्नशिपभर आम्ही पीजी प्रवेशाच्या नीटचे एमसीक्यू सोडवतो. कावासाकीला (लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजवणारा आजार) इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दहा दिवसांत, हे झोपेत सांगेन. सुजलेला गुडघा हाताने चाचपायला कुणी शिकवलं नाही. वर सक्तीच्या सरकारी सेवेचा बॉण्ड.

तालुका_ओपीडी
बॉण्डचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर. सकाळपासून ऐंशी पेशंट असतात, त्यात मी काय सांध्यांचं बारसं करू?

निवासी_वॉर्ड७
दोन मिनिटं लागतात. पीगॅल्स नावाची तपासणी आहे, न्यूकॅसलच्या हेलन फॉस्टर आणि सहकाऱ्यांची. तीन प्रश्न: कुठे दुखतं किंवा आखडतं का, कपडे स्वतः घालता येतात का, जिना चढउतार जमतो का. मग टाचांवर चालव, चवड्यांवर चालव, मुठी वळव, हात जोडून मनगटं वाकव, छताकडे बघायला लाव, तोंडात तीन बोटं मावतात का बघ. पोरांना खेळ वाटतो. प्रत्येक डॉक्टरने मेथोट्रेक्सेट, म्हणजे बालसंधिवाताचं औषध, द्यावं असं कुणीच म्हणत नाही. आखडलेला सांधा ओळखा आणि पाठवा.

तालुका_ओपीडी
पाठवा कुठे? या आजाराचे बालतज्ज्ञ मोठ्या शहरांत. बाप मजुरी बुडवून पोराला घेऊन जाईल?

कृष्णाकाठ
मी गेले. मंगळसूत्र ठेवून गेले. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आणि दर तीन महिन्यांनी डोळे. तुम्ही फक्त चिठ्ठी लिहायची होती हो.

तालुका_ओपीडी
…ठीक. तो ‘चोचले’ शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. आणि उद्या एकेका पोराच्या तोंडात तीन बोटं घालतो. चावलं तर टिटॅनसच्या इंजेक्शनचं बिल निवासी साहेबांना.

निवासी_वॉर्ड७
सर, बोटं पोराची स्वतःची. तुमची नव्हेत.