मदत हवी आहे: इंग्रजी क्रियापदाचा जोडशब्द कुठे तुटतो, हे मुलींना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला महालात राहते आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलींचं इंग्रजी घेते. बहुतेकींना मिहान या इथल्या उद्योग-प्रकल्पातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची आहे. काळ वगैरे बऱ्यापैकी जमतात. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, हे अर्थही पाठ होतात.

खरी अडचण शब्दांच्या जागेची आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं, की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच बरोबर. ‘टर्न ऑफ इट’ चूक. ‘लुक आफ्टर’चं मात्र उलट. तिथे ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं, मध्ये काही शिरत नाही.

मी सांगितलं, की ‘आफ्टर’ पुढच्या नामाला बांधलेलं असतं आणि ‘ऑफ’ क्रियापदाला. त्यावर एकीने लगेच विचारलं, "ताई, ‘स्विच इट ऑन’ होते, मग ‘डिपेंड इट ऑन’ काहून नाही होत? ‘ऑन’ तर दोन्हीकडे सारखंच आहे." प्रश्न अगदी नेमका आहे, आणि मला तिला पाठांतरावर ढकलायचं नाही.

शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही हा फरक कसा समजावता? आधी नियम सांगता, की नुसती वाक्यं बोलून घेता? मराठीतून समजावणारा सराव किंवा सीताबर्डीत मिळेल असं स्वस्त पुस्तक माहीत असेल, तर नक्की कळवा.