बॅटरी भरलेली असताना इंजिन का सुरू होतं?

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली गाडी. टोरांटोच्या थंडीत तिची बॅटरी पूर्ण चार्ज असूनही हीटर लावला की इंजिन सुरू होतं, मग गाडी बिघडली का, असा प्रश्न पडतो. बिघाड नाही, निर्धास्त राहा. टोयोटा रॅव्ह-फोर प्राइम या अशाच गाडीत हीट पंप आहे, तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणतो. साधारण उणे १० अंशांखाली त्याचं चालेनासं होतं आणि उष्णतेसाठी इंजिनच लागतं. २०११ च्या शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीचं इंजिन तर उणे ४ अंशांच्या आसपासच सुरू व्हायचं.

खरं नुकसान छोट्या फेऱ्यांत होतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पेट्रोल जाळून इंजिनचा धातू आणि कूलंट (इंजिनातून फिरणारं, त्याची उष्णता वाहून नेणारं द्रव) तापवायचं, आणि दहा मिनिटांत गाडी दुकानापाशी उभी करून ती सगळी ऊब हवेत सोडायची! परतताना पुन्हा तेच. म्हणून कामं एकाच फेरीत उरका. रस्ता आधी हायवे आणि मग शहर असा असेल तर इंजिन हायवेवर चालवा. शहरात शिरल्यावर गरम कूलंट बराच वेळ हीटरला पुरतं.

निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करून घ्या. सीट हीटर जरूर वापरा: त्याला शंभरेक वॉट पुरतात, केबिनला काही किलोवॉट लागतात. आणि चार्जिंग पहाटे संपेल असं लावा, निघताना बॅटरी थोडी कोमट मिळते.