मदत हवी आहे: आरएक्स १०० गरम झाली की पांढरा धूर, मिस्त्री म्हणतो परत बोअर करा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, पण अर्धवट सांगून कुणाला अंदाज यायचा नाही म्हणून सगळं लिहितोय.

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, १९९१ ची. मला त्यांनी ती कधी धड चालवू दिली नाही आणि नंतर त्यांचा गुडघा गेला तशी गाडी शेडमधे ताडपत्रीखाली नऊ वर्षं उभीच राहिली. गेल्या दिवाळीत बाहेर काढली तर टाकीत गंज, कार्ब्युरेटर आतून हिरवा आणि सीटच्या फोममधे उंदरांनी बिऱ्हाड केलेलं. मिस्त्रीकडे टाकली, त्याने हाफ इंजिनचं काम केलं, म्हणजे ब्लॉक (सिलिंडर) बोअर करून, आतून घासून रुंद करून, ०.५० मिमी मोठा पिस्टन आणि रिंगा, नवा प्लग, इग्निशनचे नवे पॉइंट. पहिल्या किकला सुरू झाली आणि बाबा आतून काठी न घेताच बाहेर आले, तेवढ्यातच पैसे वसूल झाले खरं तर.

आता सात-आठशे किमी झाले. सकाळी थंड असताना थोडा निळसर धूर येतो, तो टू स्ट्रोकला येणारच त्याचं काही नाही. पण दहा-बारा किमी पळवली की पांढरा, जाड धूर सुरू होतो आणि मग थांबतच नाही, मागचा माणूस हॉर्न मारून शिव्या घालतो. वासही टू टी ऑइलचा (पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) नाही, काहीतरी जळकट वेगळाच. त्यात सिग्नलला उभं राहिलं की आयडलिंग आपोआप वर चढतं, स्क्रू खाली केला की थंड असताना बंद पडते. पिकअप पण मेलाय, तिसऱ्याला जो दणका बसायचा तो नाही.

आतापर्यंत केलेलं: कार्ब्युरेटर दोनदा साफ, ऑटोल्यूब पंपाची (हाच टू टी इंजिनला पुरवतो) केबल खुणेवर लावली, सायलेन्सरची नळी काढून कार्बन जाळला. टू टी नेहमीइतकंच जातंय. प्लग ओला काळा. मधे एकदा मिस्त्रीने गिअर ऑइल टॉपअप केलं, खाली गळती कुठेच नाही, पण तो विषय वेगळा.

मिस्त्रीचं म्हणणं, बोअर नीट बसला नाही, ०.७५ करू, नाहीतर सरळ आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवू. आणि ऑटोल्यूब काढून पेट्रोलमधेच ऑइल मिसळत जा म्हणतो. बाबा म्हणाले पंपाला हात लावलास तर गाडी परत ताडपत्रीखाली. काय करू?

प्रतिसाद १
अहो तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय आणि पुढे "तो विषय वेगळा" म्हणून सोडून दिलंय! गळती नाही आणि गिअर ऑइल कमी होतंय, मग ते गेलं कुठे? क्लच साइडचं क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे त्याभोवतीची रबरी रिंग, गेलंय. टू स्ट्रोकमधे पिस्टन वर जाताना क्रँककेसमधे (क्रँकभोवतीच्या बंद खोक्यात) व्हॅक्यूम होतो, सील कडक झालं असेल तर तिकडून गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि जळतं. नऊ वर्षं उभ्या गाडीचं रबर लाकूड झालेलं असतं. हाफ इंजिनमधे फक्त वरचं काम होतं, सील राहतात खाली. गाडी गरम असताना गिअर ऑइल पूर्ण काढून मोजा, अंदाजाने नको.

प्रतिसाद २
+१. पण आयडलिंग चढतंय म्हणजे मॅग्नेट साइडचं, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, सीलही बघा. तिथून हवा खेचली की मिक्स्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आणि पातळ मिक्स्चरवर जोरात पळवली की पिस्टन चिकटतो, चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक. माझं एकदा घाटात झालंय, क्लच दाबायला हात आधीच लिव्हरवर होता म्हणून वाचलो. तोवर लांब नेऊ नका. मॅग्नेट कव्हर काढून चकतीच्या मागे ओलसर दिसतंय का बघा.

प्रतिसाद ३
भावा १३५ चा ब्लॉक अजिबात नको. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मिमीच आहे पण बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० वरून ५८, त्यातून ते १३२ सीसी होतं. त्या ब्लॉकचे पोर्ट (आत-बाहेरची भोकं) वेगळे, कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोलचं माप) बदलावं लागतं. आणि तुझ्या आरसीवर ९८ सीसी छापलंय, रिन्यूअलला आरटीओत काय सांगणार? शंभरची ११ हॉर्सपॉवर त्या हलक्या गाडीला पुरून उरते. यामाहाच्याच फाइव्ह स्पीड १३५ आणि आरएक्सझेड मी चालवल्यात, चांगल्याच आहेत, पण तो ठणठणीत आवाज शंभरचाच. १९९६ ला बंद झाल्यावर लोक अजून ओरिजिनल ब्लॉक शोधत फिरतात आणि तुझा मिस्त्री तो काढून ठेवायला निघालाय. काढलेला ब्लॉक तो कुठे ठेवणार होता तेवढं विचार त्याला.

धागाकर्ता
मोजलं. पुतणीच्या जुन्या दुधाच्या बाटलीत काढलं (वहिनीला सांगू नका), टॉपअपनंतर दीडशे किमी पण झाले नाहीत आणि जे होतं त्याच्या जेमतेम अर्धं निघालं. मॅग्नेट मागे पण बोट लावलं तर काळं चिकट. बाबांना दाखवलं तर म्हणाले, सील १९९१ चीच आहेत, मी कधी बदलली नव्हती! म्हणजे बोअरचे पैसे आधी घातले आणि सील तशीच.
आता दोन्ही सील एकदमच टाकतो. फक्त एक सांगा, क्लच साइडसाठी क्लच आणि प्रायमरी गिअर काढून भागेल की क्रँककेस फोडावंच (उघडून दोन भाग करावेच) लागेल?

प्रतिसाद १
तुमच्या गाडीला फोडायचं की नाही हे क्रँकवर ठरेल. मॅग्नेट काढलात की क्रँकचं टोक वर-खाली हलवून बघा. किंचित जरी खेळ लागला तर बेअरिंगही गेलंय, मग फोडाच, नाहीतर नवी सील महिन्यात परत कापली जातील. खेळ नसेल तर फोडायची घाई नको, आधी क्लच उतरवून सील बाहेरून निघतं का ते बघा. आणि बाबांना शेजारी बसवून करा, पंपाकडे त्यांचं लक्ष राहील.