स्वतःच्या भेगा बुजवणारं काँक्रीट: पुण्यात चालेल का?

गच्चीखालचा (सहकारनगर)
आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय. माझं मत: बिल्डरकडे निदान गच्ची आणि पाण्याच्या टाकीपुरता तरी जिवाणूंच्या काँक्रीटचा आग्रह धरावा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी ते केलंय. काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य, कॅल्शियम लॅक्टेट, मिसळायचं. भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात. दुरुस्ती कमी, म्हणजे सिमेंटही कमी. दर मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाल्याच्या पाया पडणाऱ्याला अजून काय हवं?

साइटवरचा
बुजतात त्या भेगा १ मिलिमीटरच्याही आतल्या. गच्ची गळते ती पॅरापेटच्या (कठड्याच्या) सांध्यातून, कारण वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा, नीट मारलेला नसतो. नाहीतर पाइपाच्या कडेने. तिथे जिवाणू काय करणार? क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायला, स्लॅबवर आळी (छोटे बांध) घालून आठवडाभर पाणी उभं ठेवायचं, तर तिसऱ्या दिवशी आळी सुकलेली आणि वर सेंट्रिंगच्या फळ्या रचलेल्या.

चुनेवाला
शिवाय ते सिमेंटच. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के सिमेंटमधून येतो. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते हे एक, आणि चुनखडी भाजताना तिच्यातूनही वायू सुटतो. पेठांतल्या वाड्यांचा चुना निदान हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घट्ट होतो, बारीक भेगाही आपल्या आपण भरतो.

नारायण पेठ, माजी
वाड्याचं कौतुक फ्लॅटमध्ये बसूनच सुचतं! आम्ही जुलैत घमेली मांडून झोपायचो.

गच्चीखालचा
@चुनेवाला, सात मजले चुन्यावर उभे करणार का? आणि हे प्रकरण सिमेंटवर थांबलेलं नाही. २०२० साली अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाने वाळू, जिलेटिन आणि सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर वाढणारे जिवाणू) यांची वीट केली. तिचा तुकडा नव्या वाळू-जिलेटिनमध्ये घातला की पुढची वीट वाढते.

साइटवरचा
आणि ती मजबूत व्हायला वाळवावी लागते, वाळली की जिवाणू मरायला लागतात. एप्रिलमधली पुण्याची हवा आठवा. टाकीपुरतं जिवाणूंचं काँक्रीट मला चालेल, तिथे पाणी असतंच. पण त्याआधी करारात क्युरिंगचे दिवस लिहून मागा. बिल्डर सही करतो का बघा.