जुनी फोर बाय फोर थार नुसत्या हौसेसाठी घ्यावी का?

रामबाग, इंदूर
२०१४ ची महिंद्राची डिझेल जीप, थार सीआरडीई पाहिली, चारही चाकांना ताकद देणारी. एमपी ०९ पासिंग, सेकंड ओनर, साडेपाच लाख सांगतोय. रोजच्या कामाला घरी छोटी गाडी आहे. ही फक्त रविवारी चोरल, जानापावकडच्या कच्च्या रस्त्यांसाठी. बायको म्हणते, एवढे पैसे हौसेपायी कशाला? मला मात्र मनापासून हवी आहे. स्पष्ट मत द्या.

सुदामानगर
घ्या दादा. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, लो रेंजचा (वेग कमी, ओढ जास्त) वेगळा गिअर. पावसात आपली काळी माती टायरला थापून बसते, तिथे साधी गाडी जागची हलत नाही. ही लो रेंजमध्ये ॲक्सिलरेटर न दाबता हळूहळू निघते. आणि नवीन गाडी घेऊन तुम्ही दगडात उतरणारच नाही, ओरखड्याच्या धास्तीने रस्त्यावरच फिरवाल. शिकायला जुनीच बरी.

लोकमान्यनगर
मी घेऊ नका म्हणेन. अशी गाडी आधीच्या मालकाने कुठे आणि कशी घातली, ते मीटरवर दिसत नाही. नाल्यात बुडवलेली असेल तर डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, पाणी शिरतं. खालचा प्लग उघडून ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं निघालं तर तिथूनच परत फिरा. चासीच्या वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तरीही. शिवाय मोठे टायर, लोखंडी बंपर लावलेले असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीतल्या तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत. दंड भरेल तो नवा मालक.

सुदामानगर
काका, हे सगळं लिफ्टवर चढवून तासाभरात तपासता येतं. ट्रायल घेताना फोर हाय आणि फोर लो (चारही चाकं चालवणारे जलद आणि हळू गिअर) दोन्ही लावून बघा, पण कच्च्यावर. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये वळवली तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो.

महू
गाडीचं सोडा, जागेचं बोला. या भागातली कच्ची वाट बहुतेक कुणाच्या तरी शेताला जाते. पावसात चार गाड्या गेल्या की गुडघाभर चाकोऱ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच बैलगाडी, दूधवाल्याची मोटरसायकल न्यायची असते. जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आणि पाण्याचा भरवसा धरू नका. २०११ च्या जुलैत महूजवळच्या पातालपाणी धबधब्याला एकाएकी लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. फोर बाय फोर आहे म्हणून नाल्यात घालणारे पाहिले की मला राग येतो.

रामबाग, इंदूर
हा मुद्दा पटला. चालू नाल्यात घालणार नाही, शेताच्या वाटेने पावसात जाणार नाही. पण मग वर्षाचे बाकीचे महिने तर आहेतच ना?

लोकमान्यनगर
आहेत, पण खर्चही बारा महिन्यांचा आहे. २०२९ ला पंधरा वर्षं भरतील, मग फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी. विमा, बॅटरी, टायर उभ्या गाडीलाही लागतात. रामबागेच्या गल्लीत दुसरी गाडी लावाल कुठे, हेही घरात आधी ठरवा. वहिनींचा प्रश्न रास्त आहे.

सुदामानगर
रास्त आहे, म्हणूनच वहिनींना ट्रायलला न्या आणि स्टिअरिंग त्यांच्या हाती द्या. माझं मत घ्या असंच, पण साडेपाचला नाही. टायर-क्लचचा खर्च किमतीतून आधी वजा करा.