पैसे भरले म्हणजे आपलं झालं का?
"कंपनी पटत नसेल तर तिचं सॉफ्टवेअर वापरू नका, जबरदस्ती थोडीच आहे," हे इथल्या एकाचं म्हणणं वाचून हसू आलं. नागपूरच्या महाल भागात माझ्या मित्राचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत नेट गेलं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेचना. काऊन? तर परवाना तपासायला कंपनीचा सर्व्हर सापडत नव्हता! वर्षाचं भाडं भरलेलं, फाइली त्याच्याच हार्ड डिस्कवर, कूलर घरघरतोय आणि समोर नवरीचे वडील घाम पुसत बसलेले. सोडून द्या म्हणणं सोपं आहे भाऊ, पण पंधरा वर्षांचं काम त्याच फॉरमॅटमध्ये अडकलंय, त्याचं काय?

गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनचंही डोकं फिरलं ते प्रिंटरवरूनच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढीच सोय त्याला करायची होती. त्यासाठी लागणारा सोर्स कोड, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ, बदलता येण्याजोगा मजकूर, काही मिळाला नाही. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल असं सॉफ्टवेअर बनवायचा. माणूस हेकट, त्याचं सगळंच मला पटत नाही. पण आपण वापरतो ते सॉफ्टवेअर आपल्या ताब्यात हवं, इथे तो बरोबर होता.

मित्राला सध्या इंकस्केप हे डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर लावून दिलंय. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या मजकुराची मात्र पार खिचडी होते. कुणाकडे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा चांगला कन्व्हर्टर असेल तर सांगा.