प्रतिसाद: आमदारांचं पत्र आणि अडकलेली फाईल

वर कुणीतरी म्हटलंय, आमदारांनी पत्र देऊनही जिल्हाधिकारी कचेरी फाईल दाबून बसते. दर वेळी तसं नसतं. स्थानिक विकास निधीतलं काम आमदार फक्त सुचवतात; प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची, आणि पैसा आमदारांच्या हातात येतच नाही.

समजा, सुरगाण्यातल्या एखाद्या पाड्यासाठी पत्र आलं: 'सभामंडप बांधणे'. बस्स! गट नंबर नाही, जागा कुणाची तेही नाही. बांधकाम विभागाने अंदाजपत्रक कशाच्या जोरावर करायचं? सातबारा काढला की जागा वनखात्याची निघते, नि फाईल तिथेच झोपते. म्हणून सातबारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, देखभालीच्या हमीसकट, पत्रासोबतच जोडायला लावा. मार्चमध्ये घाईघाईने दिलेली पत्रं तर हमखास लटकतात. आणि कार्यारंभ आदेशाआधी खडी टाकू नका, त्याचं बिल निघणं कठीण.